टोमॅटोचें सार

गेल्या महिन्यांतील गोष्ट. बोईसर स्टेशनाजवळच्या एका उपाहारगृहाच्या पाटीवर ‘टोमॅटो सूप’ हीं अक्षरें वाचून आमच्या आठ वर्षांच्या नातवानें मला विचारलें, “आजोबा, सुपानें तर धान्य पाखडतात ना? मग हें सूप प्यायचें कसें?” छत्तीस वर्षें शाळेंत मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत गेलीं, परंतु या प्रश्नानें मला रस्त्यांतच हंसूं आवरेना. सालवडास घरीं पोंचेपर्यंत मीं त्याला त्या शब्दाची कुळकथा सांगितली. आणि ती सांगतां सांगतां आमच्याच घरांत २०२३ सालीं घडलेला एक प्रसंग मला आठवला. तो वाचकांपुढें ठेवावा कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला, कारण त्यांत माझी शोभा फारशी नाहीं. परंतु संसारांतले अनुभव एकमेकांस सांगण्यासाठींच हें सदर आहे. तेव्हां संकोच बाजूस ठेवून लिहितों.

प्रथम शब्दाची गोष्ट. धान्य पाखडण्याचें सूप हें संस्कृत ‘शूर्प’ शब्दापासून आलें आहे; शूर्पणखेच्या नांवांत तेंच शूर्प आहे. याखेरीज संस्कृतांत ‘सूप’ असा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ वरण किंवा डाळीचें पातळ कालवण असा होतो. त्यावरूनच आचाऱ्यास सूपकार म्हणत. अज्ञातवासांत भीमसेन बल्लव नांवानें विराटाच्या मुदपाकखान्यांत राहिला, तेव्हां तो हेंच काम करीत होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं १८७५ सालीं मराठींत पाकशास्त्राचें पुस्तक छापलें, त्याचें नांवही ‘सूपशास्त्र’ असेंच ठेविलें. इंग्रजी ‘सूप’ मात्र फ्रेंचांतून आलेलें आहे, आणि त्याचें मूळ, पाव रसांत बुडवून खाणें अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दांत सांपडतें. दोहोंचा उच्चार एक, अर्थ जवळजवळ एक, परंतु कूळ निराळें. आडनांव सारखें असलें म्हणजे नातें असतेंच असें नाहीं, हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आपल्या वैद्यकांत मुगाच्या किंवा कुळथाच्या कढणास ‘यूष’ म्हणतात आणि तें अशक्त मनुष्यास देण्याची चाल फार जुनी आहे. तामिळ देशांतलें ‘रसम्’ हें ‘रस’ शब्दाचें रूप. कर्नाटकांत त्यालाच ‘सारु’ म्हणतात आणि आपण ‘सार’ म्हणतों. तामिळांत मिऱ्यांस ‘मिळगु’ आणि पाण्यास ‘तण्णीर’ म्हणतात. मद्रासकडच्या साहेबांनीं हें मिऱ्यांचें पाणी चाखलें, त्यांत मांस, कांदा आणि मसाला घातला आणि ‘मलिगटॉनी’ या नांवानें तें विलायतेंतल्या मेजावर नेऊन ठेविलें. सारांश, आंबट, तिखट आणि ऊन ऊन असा पातळ पदार्थ भाताबरोबर कालवून किंवा वाटीनें पिऊन घेणें ही आपली जुनीच रीत आहे. त्या रीतींत टोमॅटो मात्र अगदीं अलीकडे आला.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या ताटांतील पदार्थांचें सविस्तर वर्णन आहे. पण त्यांत टोमॅटो असणें शक्यच नव्हतें. कारण या फळाची जन्मभूमि दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या बाजूस आहे, आणि मेक्सिकोंतल्या लोकांनीं तें बागेंत वाढविलें. त्यांच्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून ‘टोमॅटो’ शब्द निघाला. सोळाव्या शतकांत स्पेनच्या दर्यावर्दी लोकांनीं तें युरोपांत नेलें. इटलींतील मात्तिओली नांवाच्या वैद्यानें १५४४ सालीं त्याचा उल्लेख केला आहे. धोतऱ्याच्या कुळांतील झाड म्हणून युरोपांत पुष्कळ लोक त्याला दीर्घकाळ भीत असत. त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘लायकोपर्सिकम’ असें पद आहे, त्याचा अर्थ ‘लांडग्याचें पीच’ असा होतो! आपल्याकडे तें पोर्तुगीजांबरोबर आलें असें सामान्यतः मानतात. जॉर्ज वॅट यांनीं १८८९ पासून पुढें हिंदुस्थानांतील उपयुक्त वस्तूंचा जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यांत टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठीं होते, मात्र एतद्देशीय लोकांसही तो आतां आवडूं लागला आहे, अशा अर्थाची नोंद आहे. बंगाल्यांनीं त्याला ‘बिलाती बेगुन’ म्हटलें. आपल्याकडे तो ‘वेलवांगें’ किंवा ‘बेलवांगें’ झाला, आणि वऱ्हाडांत ‘भेदरें’. वांग्याचा हा विलायती चुलतभाऊ, असाच सर्वांचा समज दिसतो, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणें तो खराही आहे.

आमच्या आजीच्या हयातींत या पाहुण्यानें आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाहीं. चिरल्यावर त्याचा लाल गर आणि पाणी पाहून तिला मांसाची आठवण होई. तिच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकांत आणि श्राद्धपक्षाच्या पानावर त्याला जागा नव्हती. मी मॅट्रिक होऊन पाठशाळेंत चार संस्कृत ग्रंथ शिकलों, तेव्हां मला वाद घालण्याची मोठी खुमखुमी होती. मी आजीला म्हणें, “आजी, तुझ्या एकादशीच्या खिचडींतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, बटाटाही अमेरिकेचाच. तूप तेवढें आपलें. मग बिचाऱ्या टोमॅटोनेंच काय घोडें मारलें?” आजी उत्तर देत नसे. “तूं शिकलेला,” एवढें म्हणे आणि खिचडी वाढी.

एकदां या वादांत मीं अमेरिकेंतला एक खटलाही सांगितला. १८८३ सालच्या तेथील कायद्यानें परदेशी भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानें टोमॅटो हें फळ आहे म्हणून जकात परत मागितली. १८९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, वनस्पतिशास्त्रांत तें फळ असलें तरी लोक त्याला जेवणांत भाजी म्हणून खातात, तेव्हां व्यवहारांत ती भाजीच होय. आजीनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “म्हणजे उपासाला चालत नाहीं, हेंच ना?” न्यायमूर्तींचा निकाल तिच्या बाजूचाच झाला!

आमच्या आईचीही गोष्ट तीच, असें मीं धरून चाललों होतों. आईनेंही कधीं टोमॅटो खाल्ला नाहीं. १९८६ सालीं आजी गेली. दोन वर्षांनीं माझें लग्न झालें, आणि आमच्या मंडळींबरोबर टोमॅटो घरांत आला. आईनें एका शब्दानें विरोध केला नाहीं. इतकेंच नव्हे, तर टोमॅटोचें सार करावयास सुनेला तिनेंच शिकविलें. पानें वाढतांना मात्र स्वतःपुरतें ताक किंवा आमसुलाचें सार निराळें घेई. सासूचा वारसा सुनेनें चालविला, असा मीं अर्थ केला; आणि खिचडीचें तें जुनें व्याख्यान आतां आईपुढें देऊं लागलों. ती शेंगा सोलीत असे आणि हंसत असे. स्वतः न चाखतां हिच्या हातचें मीठ इतकें बरोबर कसें पडतें आणि गूळ नेमका केव्हां पुरे हें हिला कसें कळतें, हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत एकदांही पडला नाहीं. आपण मास्तर लोक दुसऱ्यांस प्रश्न विचारण्यांत इतके गुंतलेले असतों, कीं स्वतःस विचारावयाचे राहून जातात.

आईची ती कृति येथें देतों. आठ माणसांस एक किलो पूर्ण पिकलेले, लालभडक टोमॅटो घ्यावे. थोड्या पाण्यांत ते शिजवावे. साली तडकून सुटल्या कीं निवूं द्यावे, हातानें कुसकरावे आणि चाळणींतून गाळून घ्यावे म्हणजे साली व बिया वर राहतात. त्या रसांत बेताचें पाणी, मीठ, लहान लिंबाएवढा गूळ आणि बोटाच्या पेराएवढें आलें ठेचून घालावें व चांगली उकळी आणावी. अर्ध्या नारळाचें दाट दूध काढून त्यांत चमचाभर तांदळाची पिठी कालवावी. चूल मंद करून तें दूध शेवटीं घालावें, ढवळीत राहावें, आणि वाफ येऊं लागतांच उतरवावें. पुन्हां उकळूं देऊं नये. वरून साजूक तुपाची जिरें, हिंग, कढीलिंब आणि दोन-तीन सुक्या मिरच्या यांची फोडणी द्यावी व कोथिंबीर पेरावी. पितळेचें भांडें असल्यास कल्हई ताजी असली पाहिजे. आंबट रस उघड्या पितळेस लागला म्हणजे तांबें त्यांत उतरतें आणि तें पोटास वाईट. हल्लीं स्टीलच्या भांड्यांमुळें ही काळजी उरलेली नाहीं, पण जुनें पातेलें हौसेनें काढणारांनीं ती विसरूं नये.

आमचा मुलूख आतां पूर्वींचा राहिला नाहीं. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र सुरूं झालें, पुढें औद्योगिक वसाहत वाढली. २०१४ सालीं पालघर हा निराळा जिल्हा झाला. आतां सालवड-बोईसरच्या एकेका चाळींत आणि इमारतींत चार प्रांतांचे संसार नांदतात आणि जिन्यावरून चढतांना चार तऱ्हांच्या फोडण्यांचा वास येतो. आमची धाकटी सूनबाई बेळगांवची. माहेर मराठी, पण शेजार कानडी. ती येथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत नोकरी करते. तिचें सार म्हणजे कानडी रीतीचा ‘सारु’. त्यांत नारळाचें दूध नसतें; शिजलेल्या तुरीच्या डाळीवरचें पाणी असतें. धने चार भाग, जिरें एक भाग, मिरें अर्धा भाग, मेथी अगदीं थोडी आणि ब्याडगी मिरची, हें तुपावर भाजून ती ताजें कुटते. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. सारास उकळी फुटून फेंस वर आला कीं ती लगेच उतरवते. फार उकळलें तर वास उडून जातो, असें तिचें म्हणणें.

प्रथम प्रथम घरांत ‘आपलें सार’ आणि ‘तिचें सार’ असे दोन पक्ष पडले. परंतु सूनबाई भांडत नसे, समजावून सांगे. नारळाचें दूध आंबट रसांत उकळलें म्हणजे त्यांतलीं प्रथिनें गोठून तें फाटतें, म्हणून आजी तें शेवटीं घालतात, हें मला तिच्याकडून कळलें. आंबटपणा सर्वत्र एकच नसतो, हेंही तिनेंच सांगितलें: चिंचेंत टार्टारिक आम्ल, टोमॅटोंत मुख्यतः लिंबांतलेंच सायट्रिक आम्ल, आणि आमसुलांत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. १९०८ सालीं जपानांत इकेदा नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें समुद्रशेवाळाच्या कढणांतून ग्लुटामेट वेगळें काढून तें एका स्वतंत्र रुचीचें मूळ असल्याचें दाखविलें. पिकलेल्या टोमॅटोंत तो पदार्थ पुष्कळ असतो. म्हणून कांदा-लसूण नसलेल्या आपल्या सारालाही भरदारपणा येतो. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनचा, तें शिजवून तुपाबरोबर घेतल्यास अंगीं अधिक लागतें. आमच्या बायकांनीं शास्त्र न वाचतां तुपाची फोडणी दिली, ती बरोबरच होती म्हणावयाची.

आतां प्रसंगाकडे वळतों. २०२३ सालीं भाद्रपदांत आईला ताप आला. तिला चौऱ्याऐंशीवें वर्ष होतें. ताप आठ दिवसांनीं उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. पेज पुढें केली तर दोन घोंट घेऊन वाटी बाजूस सारी. आजारी माणूस म्हणून आम्हीं आमसुलाचें सार केलें तें फोडणी व तिखट वगळून. तेंही तिला नुसत्या पाण्यासारखें लागे. शरीर दिवसेंदिवस वाळूं लागलें. डॉक्टर म्हणाले, “आतां औषधापेक्षां पोटांत कांहीं जाणें महत्त्वाचें. ऊन ऊन टोमॅटोचें सार देऊन पाहा.”

त्या रात्रीं माजघरांत आमचें खल बसलें. टोमॅटो मिळण्याची अडचण नव्हती. त्या वर्षीं त्या फळानें देशास मोठेच खेळ दाखविले होते: मे महिन्यांत भाव मिळेना म्हणून नाशिककडच्या शेतकऱ्यांनीं ते रस्त्यावर ओतले, जुलैंत शहरांतून किलोला दीडशें रुपयांच्याही वर गेले, आणि भाद्रपदापर्यंत पुन्हां उतरले होते. अडचण होती ती आईच्या नियमाची. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, आमसुलाचें आहे म्हणून देऊं. चव तर तिला लागतच नाहीं, आणि नजरही अधू झालेली. कळणार कसें?” भावजयीनें दुजोरा दिला, “चार घोंट पोटांत गेले म्हणजे झालें. देव कांहीं रागावणार नाहीं.” आमच्या मंडळींनीं माझ्याकडे पाहिलें.

मी कांहींच बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर माझ्या मनांत ‘आपद्धर्म’ हा शब्द केव्हांच येऊन बसला होता. नाहीं तरी हा सारा जुना ग्रह. तो मोडला तर बिघडलें कोठें, असेंही वाटत होतें. मौन ही संमतीच आहे हें मला ठाऊक होतें, आणि तरीही मीं मौन धरलें. ज्यानें वर्गांत खोटें बोलणाऱ्या मुलांना बांकावर उभें केलें, त्याची ही गोष्ट.

तेव्हां सूनबाई म्हणाली, “मामंजी, कारखान्यांत आम्ही बाटलीवर जें नांव लिहितों तेंच आंत असावें लागतें. नसलें तर माझी नोकरी जाईल. आजींच्या वाटीला तो नियम नको का?”

कोणी उत्तर देण्यापूर्वींच ती उठली आणि आईच्या खोलींत जाऊन सरळ म्हणाली, “आजी, डॉक्टरांनीं तुम्हांला टोमॅटोचें सार द्यायला सांगितलें आहे. तुम्ही तो खात नाहीं हें मला ठाऊक आहे. करूं का?”

आई थोडा वेळ छताकडे पाहात राहिली. मग म्हणाली, “नको ग बाई. तो मीं गयेला सोडला आहे.”

आम्ही सारे दारांत उभे होतों. एकाच्याही तोंडून शब्द निघेना.

काशी-गयेची यात्रा केलेल्या घरांत ही चाल सर्वांस माहीत आहे. गयेस श्राद्ध झालें म्हणजे अक्षय्यवटाखालीं आपल्या आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडावयाचा असतो. १९६३ सालीं आमचे आजोबा वारले, तेव्हां वडील आजीला आणि आईला घेऊन गयेस गेले होते. मी दोन वर्षांचा. मला मावशीकडे ठेविलें होतें. वडिलांनीं तेथें पडवळ सोडलें. तें त्यांनीं जन्मांत कधीं आवडीनें खाल्लें नव्हतें, आणि पुढें आयुष्यभर त्या त्यागाचा उल्लेख ते मोठ्या गंभीरपणें करीत! आईनें टोमॅटो सोडला. तिचें माहेर केळवें-माहीमचें. तेथल्या पानवेलींच्या वाड्यांच्या कडेला दोन-चार झाडें असत. शाळेंतून येतांना पिकलेला टोमॅटो तोडावा, परकरास पुसावा आणि मीठ लावून तेथेंच खावा, हें तिचें लहानपणचें मोठें सुख होतें. सार तिच्या आईच्या हातचें. तीच चव ती पस्तीस वर्षें आम्हांस करून घालीत होती, आणि मीठ-गूळ बरोबर पडे तें त्या आठवणीवर.

मीं विचारलें, “आई, पण त्या वेळीं आपल्या घरीं टोमॅटो येतच नव्हता. मग सोडलास काय?”

ती म्हणाली, “येईल एक दिवस, हें मला कळत होतें. आणि आल्यावर मला राहवणार नाहीं, हेंही कळत होतें. न आवडणारें सोडून देवाला काय फसवायचें?”

“मग इतक्या वर्षांत बोलली कां नाहींस?”

“बोलून दाखवलें म्हणजे त्यांत काय राहिलें? आणि सांगितलें असतें, तर तूं खिचडीचें व्याख्यान दिलें असतेंस कुणाला?”

आजारीपणांतही तिला हंसूं आलें. मला मात्र हंसतां येईना. बरोबर साठ वर्षें मनांत जपलेला नियम तिच्या दोन मुलांनीं, तिच्याच प्रेमाखातर, एका वाटीनें मोडला असता, आणि तिला तो कळलाही नसता. नकळत खाल्ल्याचें पाप लागत नाहीं, असें शास्त्र जाणणारे सांगतील. तिला तें लागलें नसतेंच. परंतु त्या दिवसापासून तिच्या पुढें वाटी ठेवतांना आमचे हात कसे झाले असते? आणि ज्याला मी तीन तपें ‘जुना ग्रह’ समजत होतों, तो ग्रह माझाच निघाला. आजीची शिसारी आणि आईचा त्याग या दोन निराळ्या गोष्टी एकाच उंबऱ्याआड राहात होत्या. मीं दोहोंना एकच नांव दिलें. ‘सूप’ शब्दाचीं दोन कुळें ओळखणाऱ्या माणसानें आपल्या घरांतलीं दोन मनें ओळखूं नयेत, याला काय म्हणावें?

सूनबाई तेथें थांबली नाहीं. ती स्वयंपाकघरांत गेली आणि म्हणाली, “आजींना टोमॅटो नको, तर नको. आजाऱ्याचें म्हणून आपण फोडणी काढून टाकली, तेंच चुकलें असेल. तोंडाची चव जाते तेव्हां पुष्कळ वेळां वासच गेलेला असतो. ताजा कुटलेला मसाला असला तर थोडा तरी पोंचेल. आणि मिऱ्यांची ऊब ही नुसती चव नव्हे, ती जिभेला निराळी जाणवते.” तिनें डॉक्टरांस फोन करून थोडें तिखट चालेल कीं नाहीं तें विचारून घेतलें. मग सात-आठ आमसुलें कोमट पाण्यांत भिजत घातलीं. तुरीच्या डाळीवरचें पाणी घेतलें. धने, जिरें, मिरें तुपावर भाजून खलबत्त्यांत कुटले. गुळाचा खडा, मीठ घातलें. आमसुलाचें पाणी शेवटीं ओतलें. फेंस वर येतांच उतरविलें आणि हिंग-कढीलिंबाची फोडणी दिली. वाटी आईपुढें ठेवतांना म्हणाली, “आजी, हें आमसुलाचें. यांत डाळीचें पाणी आहे, मिरें आहेत. टोमॅटो नाहीं.”

आईनें त्या रात्रीं अर्धी वाटी घेतली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भातावर मागून घेतली. बरें होण्यास महिना लागला. तें सर्व श्रेय सारास देणें अतिशयोक्ति होईल, औषधें आणि शुश्रूषा चालूच होती. परंतु जेवणावर तिची वासना परतली ती त्या वाटीपासून, हें घरांत सर्वांनीं पाहिलें.

वाचकहो, एकत्र कुटुंबांत अशा लहान लहान फसवणुकी रोज होतात. केकमध्यें अंडें नाहीं असें सांगून तो वडीलधाऱ्यांच्या पानावर ठेवतात. मुलांना दुधांतून औषध देतात. साखर वर्ज्य असलेल्या आजोबांस ‘आज घातलीच नाहीं’ म्हणून चहा देतात. हेतु बहुधा वाईट नसतो. परंतु जेवणाऱ्यानें वाढणाऱ्यावर टाकलेला विश्वास हाच कुटुंबाचा खरा पाया आहे. पाटावर बसतांना आपण पुढ्यांतल्या वाटीची परीक्षा करून घेत नाहीं. पदार्थ कोणत्या खंडांतून आला हा वाद मी आतां सोडला आहे. मिरची आपली झाली, बटाटा आपला झाला, टोमॅटोही झाला. उद्यां आणखी कांहीं येईल आणि तेंही होईल. त्याला घरांत खुशाल घ्यावें, पण त्याचें नांव सांगून घ्यावें. आणि घरांतलें वडील माणूस एखादी वस्तु खात नसेल, तर तिचें कारण आपणांस ठाऊक आहेच असें समजूं नये. एकदां जवळ बसून विचारावें. पस्तीस वर्षें व्याख्यान देण्यापेक्षां तें पुष्कळ सोपें होतें.

आमच्या घरीं आतां दर रविवारीं दोन्ही सारें होतात. आईला सत्त्याऐंशीवें वर्ष आहे. फोडणीची वेळ झाली कीं ती काठी टेंकीत येऊन स्वयंपाकघराच्या दाराशीं बसते. “वास कांहीं मीं सोडलेला नाहीं,” असें म्हणते. पानें वाढलीं कीं नातू दोन वाट्या घेऊन येतो आणि साऱ्या आळीला ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगतो, “पणजी, हें तुझें आमसुलाचें, आणि हें टोमॅटोचें, तें माझें!”